चक्रवाक, बडगी आणि अक्का

आज सकाळी जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्याच्या घराच्या गच्चीवर धोबी पक्षी आला. वाळत घातलेल्या चादरींच्या ओल्या सावलीतून तो तुरुतुरु चालत गेला, शेपटी वरखाली हलवत जरा थांबला आणि टाकीखाली साचलेल्या पाण्यात त्याने चोच बुडवली. माझ्या हातातला पंचा हातातच राहिला. कोणत्या डोंगरांवरून, किती मुलूख ओलांडून हा आला असेल कोण जाणे. पण उतरायला त्याला आमचीच गच्ची सापडली, याचा मला संकोचून टाकणारा आनंद झाला. पाहुणा दारात यावा आणि घरात केर काढायचा राहिलेला असावा, तसे काहीसे वाटले. तो उडून गेल्यावर मी खाली आलो आणि अमळनेरला माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, फोन लावला.

"अक्का, धोबी उना," मी म्हणालो.

"मंग आपला कव्हय येतीन?" तिने लगेच विचारले.

"आपला" म्हणजे आपले. आणि आपले म्हणजे चक्रवाक. सातपुड्याच्या पायथ्याशी, धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या शिवेवर एका धरणाचे पाणी पसरले आहे. त्या पाण्याभोवतीच्या लहानशा अभयारण्यात हे पक्षी दर हिवाळ्याच्या तोंडाशी येतात. अक्का त्यांची अशी चौकशी करते, जणू सासरी गेलेल्या लेकी दिवाळीला कधी येणार हेच विचारते आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत अक्का माझा फोनसुद्धा घेत नव्हती.

आश्विन आमच्याकडे हळुवारपणे येत नाही. पाऊस पाठ फिरवतो आणि ऊन पुन्हा एकदा उन्हाळ्याची आठवण करून देते. केळीच्या बागांतली हवा दुपारी गच्च होते. कापसाची बोंडे उकलतात आणि काळ्या रानावर पांढरे ठिपके उमटू लागतात. सातपुड्याकडून सीताफळांच्या पाट्या बाजारात येतात. त्यांचा पिकलेला गोड वास बसस्थानकापर्यंत पोचतो. परंतु पहाटे कधीतरी अंगावर चादर ओढावीशी वाटते आणि मनात येते की ऋतू कूस बदलतो आहे. विजेच्या तारेवर नीलपंख येऊन बसतो. बसलेला असतो तेव्हा तो अगदी साधा, मातकट दिसतो. उडतो तेव्हा त्याच्या पंखांतून असा काही निळा उघडतो की पाहणाऱ्याने आपली उतावळी मते मागे घ्यावीत.

मी शाळेत भूगोल शिकवतो. गेली काही वर्षे या दिवसांतले रविवार मी त्या अभयारण्यात घालवतो. येणाऱ्या लोकांना निसर्गवाटेवरून फिरवायचे, मनोऱ्यावर न्यायचे, पक्ष्यांची नावे सांगायची, मोठ्याने बोलू नका म्हणून मोठ्याने सांगायचे, एवढेच माझे काम. ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताहाला शाळांच्या सहली येतात. मुले ओल्या गाळात उमटलेल्या रोहीच्या, म्हणजे नीलगाईच्या, खुरांत प्लास्टर ओततात आणि ते वाळेपर्यंत भोवती उकिडवी बसून राहतात. दिवाळीच्या सुटीत धुळ्याहून, शिरपूरहून, जळगावहून कुटुंबे येतात. कुर्डूच्या गुलाबी तुऱ्यांपुढे उभे राहून फोटो काढतात, फुलपाखरांच्या मागे धावतात आणि "वाघ कुठे आहे?" असे हमखास विचारतात. वाघ नाही, असे सांगताना मला उगाचच अपराधी वाटते. मग मी त्यांना कोळ्याचे जाळे दाखवतो, त्यावरचे दव दाखवतो. काही जण थांबून पाहतात. काही जण केवळ माझे मन राखण्यासाठी पाहतात. दोघांचाही मी ऋणी असतो.

अक्काला मात्र या साऱ्यात मी कधी नेले नव्हते. ती माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझी वेणीफणी, म्हणजे मुलाची जी काही असते ती, तिनेच केली. तिचे लग्न अमळनेरला झाले. मेव्हणे जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. ती मुला-सुनेजवळ असते. सदा हसणारी, सदा काही तरी निवडत, सोलत, कांडत असलेली बाई. दोन वर्षांपूर्वी ती चालताना दाराच्या चौकटींना धडकू लागली. आम्ही हसलो. तीही हसली. धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा हसू थांबले. काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. उजव्या डोळ्यात कडांकडून अंधार आत सरकत आला होता आणि मधोमध एक गोल तेवढा उजेडाचा उरला होता. "गेलेले परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण थेंब नेमाने टाकले तर उरलेले राखता येईल."

अक्काने ते काही दिवस टाकले. नंतर तिने घराबाहेर पडणे सोडले. मग थेंबही. सुनेचा फोन यायचा, "मामा, अक्का तोंड फिरवून घेतात. तुम्हीच सांगा." मी सांगायचो. दर फोनला सांगायचो. थेंब टाकले का, असेच माझे पहिले वाक्य असे आणि बहुधा शेवटचेही. एकदा ती म्हणाली, "बापू, माले काय देखानं शे आते? बठ्ठं देखी लिधं मी." सगळे पाहून झाले, या तिच्या म्हणण्यावर मी तिला काचबिंदूविषयी एक लहानसे व्याख्यान दिले. तिने ते शांतपणे ऐकले आणि त्यानंतर माझे फोन घेणे थांबवले.

मला स्वतःला उलटून पालटून पाहण्याची सवय आहे. त्या दिवसांत मी पुष्कळ उलटापालट केली आणि एक गोष्ट ध्यानात आली. अक्काचा डोळा मला दिसत होता; त्या डोळ्यामागची अक्का दिसेनाशी झाली होती. बाजूचे न दिसण्याचा आजार तिला एकटीलाच झालेला नव्हता.

म्हणून गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी मी न कळवता अमळनेरला गेलो आणि तिच्यापुढे जाऊन बसलो. थेंबांचे नाव काढले नाही. "चल," म्हणालो, "धरणावर जाऊ."

"डोया दाखाडाले की पानी दाखाडाले?" तिने संशयाने विचारले.

"पाणी दाखवायला."

"मंग भरीत?"

हा प्रश्न ज्याला विचित्र वाटेल तो खानदेशचा नव्हे. थंडीची चाहूल लागली आणि चार माणसे पाण्याकाठी जमणार असली, की आमच्याकडे भरिताची हिरवी वांगी आपसूकच निघतात. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर ती भाजायची, सोलायची आणि लाकडाच्या कोरलेल्या बडगीत घालून मुसळीने ठेचायची. अभयारण्यात आग पेटवायला बंदी आहे, हे मी तिला समजावून सांगितले. ती उठली. भिंतीला हात लावत परसात गेली, गेल्या सालच्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि सुनेला हाताशी घेऊन वांगी घरीच भाजली. आग नको ना, मग आग नाही. कितीतरी महिन्यांनी तिला कोणत्या तरी गोष्टीची घाई झालेली मी पाहत होतो. कोमट वांगी फडक्यात बांधली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेतल्या, मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घेतली. गाडीच्या मागच्या भागात तिने आणखी काही तरी गोणपाटात गुंडाळून ठेवायला लावले. मी चौकशी केली नाही. ती येते आहे, याच आनंदात मी होतो.

तापीच्या पुलावर तिने काच खाली करायला सांगितली. वारा तोंडावर घेतला. पाहिले मात्र काही नाही.

अभयारण्यात पोचल्यावर तिला काठाजवळच्या करंजाखाली सावलीत बसवले आणि मी मनोऱ्यावर गेलो. त्या दिवशी धुळ्याची एक मोठी मंडळी आली होती. समोरच्या उथळ पाण्यात चक्रवाकांचा थवा उतरलेला होता. नारिंगी अंगाचे, फिकट डोक्याचे ते पक्षी उन्हात स्वस्थ बसले होते. मी माझे नेहमीचे सांगणे सांगत होतो. हे पक्षी फार सावध असतात, लांबच्या प्रवासाने शिणलेले असतात, आपण आवाज केला तर त्यांना उगाच उडावे लागते आणि...

धप्. धप्. धप्.

"सर, बंदूक का हो?" धुळ्याचे एक गृहस्थ दचकून म्हणाले.

बंदूक नव्हती. तो आवाज ओळखायला मला क्षणही लागला नाही. माझे सारे बालपण त्या आवाजावर जेवलेले आहे. पाण्यावरचा थवा एकदम उठला. पंखांवरचे पांढरे पट्टे लखलखले, पाणी फाटल्यासारखे झाले आणि कण्हल्यासारखा तो लांबट, घोगरा पुकारा साऱ्या आकाशभर झाला. मी जिना उतरून धावलो. दुसऱ्या बाजूने वनरक्षक उषाताई धावत आल्या. करंजाखाली अक्का पाय पसरून बसली होती. दोन पायांच्या मध्ये बडगी, बडगीत अर्धवट ठेचलेली वांगी आणि हातात मुसळी.

"अहो अक्का, काय हे!" उषाताईंना धाप लागली होती. "धपधप बंद करा आधी. पाखरं गेली ना सगळी!"

"वांगा मुक्यानं कसा ठेचाना, बाई?" अक्का म्हणाली. विचारणे अगदी निर्व्याज होते.

मागोमाग आलेले धुळेकर म्हणाले, "राहू द्या, मॅडम. पक्षी गेले तर गेले, भरीत तर मिळंल!" सगळे हसले. मी हसलो नाही. दर रविवारी लोकांना शांततेचे धडे देणाऱ्या माणसाच्या सख्ख्या बहिणीने, त्याच्याच गाडीतून आणलेल्या बडगीने सारे पाणी रिकामे केले होते. माझ्या तोंडून काही तरी कडू निघणार होते. पण अक्काकडे लक्ष गेले. तिची मुसळी हवेतच थांबली होती आणि मान वर होती.

"बापू," ती हळूच म्हणाली, "हाई काय उडनं? हयद-कुंकूना मझारला रंग..."

हळद आणि कुंकू यांच्या मधल्या रंगाचा तो थवा करंजावरून वळसा घेत गेला होता. त्यातला एखादा पक्षी तिच्या उरलेल्या गोलातून आरपार गेला असावा.

"चक्रवाक," मी म्हणालो. "तुझ्या धपधपीने उडाले."

तिने मुसळी खाली ठेवली. इतकी अलगद ठेवली, की जणू ती काचेची होती. "मनामुये?" ती म्हणाली. चेहरा पार उतरला. "येतीन का परत?"

"आली तर येतील, नाहीतर पलीकडच्या काठाला जातील," उषाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता निवळला होता. "गप बसून बघा."

मग आम्ही सारे गप बसलो. धुळ्याची मंडळी खाली मातीत बसली. लहान मुलांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले. अर्धवट ठेचलेल्या भरिताचा धुरकट वास सगळ्यांच्या मध्ये दरवळत होता आणि कोणी त्याला हात लावत नव्हते. आजवर मी लोकांना शांत राहायला सांगत आलो; ती दुपार मात्र कोणीही न सांगता शांत झाली, कारण एका म्हातारीला आपल्या हातून उडालेले पक्षी परत हवे होते. वारा पडला. पाण्यावर चतुर फिरू लागले. आणि लांबून तो पुकारा पुन्हा ऐकू आला. थवा एकदा वरून गेला, पुन्हा वळला आणि मग पाय पुढे काढून एकेक पक्षी उथळ पाण्यात उतरू लागला. पाण्यात पाणी मिसळावे तसा आमच्यातून एक सुस्कारा गेला.

"उनात?" अक्काने विचारले. आवाजावरून तिला कळले होते, पण कुठे उतरले ते तिला सापडत नव्हते. ती मान इकडेतिकडे हलवत राहिली.

उषाताई गेल्या आणि तिपाईवरची मोठी दुर्बीण घेऊन आल्या. अक्काच्या उंचीला ती बेतून दिली, पक्ष्यांवर नेमकी लावली. अक्काने उजवा डोळा तिला लावला. आणि बराच वेळ गेला. हेही तिला दिसले नाही तर तिला इथे आणून मी काय मिळवले?

तिने डोळा बाजूला केला. "बापू, हाई बी माले दखास तितलंच गोल शे." आणि म्हणाली, "तुले बी इतलंच दखास का याम्हाईन?"

"हो अक्का. यातून सगळ्यांना एवढेच दिसते."

"बठ्ठासले?"

"बठ्ठासले."

ती हसली. फार महिन्यांनी हसली. मागे रांग लावून उभ्या राहिलेल्या धुळेकरांकडे हात करून म्हणाली, "मंग या ना रे बठ्ठा. आते तुम्ही बी मनासारखाच!" आणि पुन्हा दुर्बिणीकडे वळली. आपल्याला किती अपुरे दिसते याची खंत करणाऱ्या माणसाला, याहून जास्त कोणालाच दिसत नाही असे एक ठिकाण सापडले होते. नंतर ती उजवीकडून डावीकडे, जराही घाई न करता, ते गोल पाण्यावरून सरकवत राहिली. लग्नाआधी कापूस वेचताना ती अशीच एका ओळीची पात धरून चालायची. एक बोंड सुटायचे नाही. रांगेतली मुले चुळबुळू लागली तेव्हा कुठे तिने जागा सोडली.

भरीत आम्ही नंतर आणखी न ठेचता, हाताने कुस्करून खाल्ले. धुळेकरांनाही दिले. त्यात गुठळ्या होत्या. इतके चांगले भरीत मी क्वचितच खाल्ले असेल.

परतताना तापीच्या पुलावर तिने स्वतःहून विचारले, "थेंब टाकात तं फुढला साल बी दखातीन का त्या?"

मला "हो" म्हणण्याचा मोह झाला. परंतु खोट्या आशेने तिला बांधून ठेवणे मला नको होते. म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, टाकले तर आज आहे तेवढे राहील. जास्त नाही."

तिने काच खाली केली. "तितलं बस शे," ती म्हणाली.

त्या मोसमातले पुढचे रविवार आम्ही दोघांनी मिळून काढले. बडगी घरीच राहू लागली. भरीत पहाटे ठेचून डब्यात येऊ लागले आणि थंड भरीत खाणे हा आपल्यावरचा अन्याय आहे असे अक्का दर वेळी न चुकता सांगू लागली. मुलांनी रोहीच्या खुराचा प्लास्टरचा ठसा तिच्या हातात दिला तेव्हा तिने बोटांनी चाचपून म्हटले, "हाऊ तं आमना वावरना चोर! याना बी फोटो काढतस का लोके?" पोरे खदखदून हसली. चक्रवाकांची जोडी रात्री ताटातूट होऊन नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारते, असे जुने लोक मानत, हे मी एकदा तिला सांगितले. सांगून झाल्यावर जीभ चावली; एकट्या बाईला हे कशाला सांगायचे? तिने पाण्याकडे तोंड केले. मग म्हणाली, "रातले वरडतस, तं सकायले भेटतसच ना."

माझे फोन आता धोब्यापासून, नीलपंखापासून, सीताफळांच्या भावापासून सुरू होतात. ज्या गोष्टी मी तिला काळजीपोटी कधीच दिल्या नव्हत्या, त्या आता मोकळ्या हातांनी देता येतात. ही समज मला पुस्तकांतून आली नाही, माझ्या उलटापालटीतूनही नाही. ती एका बडगीच्या धपधपीतून आली, पक्ष्यांच्या घाबरण्यातून आली. कोणाचे आभार मानावेत? उडालेल्या पक्ष्यांची मी मनोमन क्षमा मागतो आणि ते परत उतरले म्हणून हात जोडतो.

या भाद्रपदात आम्ही धुळ्याला गेलो. डॉक्टरांनी पुष्कळ वेळ यंत्रातून पाहिले. अक्का खुर्चीत ताठ बसली होती. मी दाराशी उभा होतो. "मागच्या वेळी होते तेवढे आहे," ते म्हणाले. एवढ्या साध्या वाक्याला प्रसादासारखे दोन्ही हातांत घ्यावे, असे वाटणारी माणसे जगात असतात. त्या दिवशी आम्ही दोघे तशी होतो.

सकाळच्या त्या फोनचे उत्तर द्यायचे राहिले होते. आज रविवारच होता. मी गाडी काढली आणि अमळनेरहून अक्काला घेऊन धरणावर गेलो. चक्रवाक अजून आले नव्हते. पाणी मोकळे होते, काठाला काही थापट्या बदके चरत होती. उषाताई म्हणाल्या, "अजून आठ-पंधरा दिवस लागतील, अक्का." अक्का म्हणाली, "येऊ दे सावकाश." तरी ती दुर्बिणीशी बसली आणि रिकामे पाणी कडेपासून कडेपर्यंत पाहत राहिली.

संध्याकाळी थेंबांची वेळ झाली. गार पाण्याच्या बाटलीला गुंडाळून आणलेली कुपी मी काढली. अक्काने करंजाच्या बुंध्याला डोके टेकले, मान मागे केली आणि डोळा उघडा धरला. मी कुपी धरून तिच्यावर वाकलो. तेवढ्यात फार उंचावरून तो ओळखीचा घोगरा पुकारा आला.

"हलू नकोस, अक्का," मी म्हणालो.

"मी कोठे हालस?" ती म्हणाली. तिचा डोळा आकाशात रुतलेला होता. "तू हात बाजूले कर, बापू. आडा ई ऱ्हायना."